खालच्या अंगाची विहीर

भाऊ,

वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच. ऐन रंगात आलेलं बोलणं सोडून टोपी झटकायचास, "बैल उपाशी शेतस" म्हणायचास आणि चालू लागायचास. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बरोबर त्याच वाक्याला येऊन मिळायचास. मधली रात्र जशी झालीच नव्हती. या वेळी होळी झाल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटता उपटता उठलास, बांधावर बसलास, छातीवर हात ठेवलास. वहिनी तांब्या घेऊन पोचली तेव्हा तू गेलेला होतास. मी जळगावहून येईपर्यंत अंगणात बांबू बांधून झाले होते.

शोकसभेत लोक बोलले. कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तू मनमिळाऊ होतास हे ऐकून मला त्या दुःखातही हसू आलं. अध्यात मध्यात नव्हतास हेही खोटं. तू गावातल्या प्रत्येक गोष्टीच्या अध्यात होतास. असो. त्यांचं त्यांनी केलं. माझं काम वेगळं आहे. आपला वाद राहिला आहे, आणि ज्यावर वाद होता ती भिंत आपल्या शेतात तशीच उभी आहे.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना भिंत म्हटल्यावर कुणीतरी बांधलेली वाटेल. आपली कुणी बांधलेली नाही. शिंदखेड्याच्या आसपासच्या रानात अशा कितीतरी आहेत. काळ्या दगडाची सरळ रांग, कुठे गुडघ्याएवढी, कुठे माणसाहून उंच, शेतांमधून नाल्यांमधून थेट निघून गेलेली. फार फार पूर्वी इथे लाव्हा थरावर थर साचत गेला. मग त्या थरांना उभ्या भेगा पडल्या, खालून नवा लाव्हा भेगांत चढला आणि जिथल्या तिथे थिजला. आजूबाजूचा मऊ खडक पावसाने खाल्ला, ही उरली. पुस्तकात हिला डाईक म्हणतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर चित्र काढलं आणि मी वर्गात मोठ्याने म्हणाले, "सर, ही आमच्या शेतात आहे." सगळे हसले. मला लाज वाटली नाही. त्या वर्गात असं म्हणू शकणारी मी एकटीच होते.

तुझ्या वडिलांनी आणि माझ्या वडिलांनी, आबांनी आणि नानांनी, वाटणी केली तेव्हा हीच भिंत बांध म्हणून धरली. दोघांना केवढा अभिमान होता त्याचा. लोकांचे बांध नांगराच्या फाळाने दरवर्षी वीतभर सरकतात, भाऊ भाऊ कोर्टात जातात. आमचा बांध सरकणारच नाही, देवानेच टाकलेला आहे, असं आबा पाहुण्यांना नेऊन दाखवायचे. भिंत मात्र दोघांची सामाईक ठेवली, दोघांच्या संमतीशिवाय तिला हात लावायचा नाही असं पाच माणसांत ठरलं. आणि रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने उचलायचे. नाना धाकटे. पण त्यांनी उचललं नाही. "आबा, काळी जमीन तुम्ही ल्या," म्हणाले, आणि भिंतीच्या वरच्या अंगाची, मुरमाड, हलकी जमीन स्वतःकडे ठेवली. थोरल्या भावाचा मान राखला.

चूक तिथेच झाली, आणि ती चूक दोन चांगल्या माणसांनी मिळून केली. जमीन वाटताना त्यांना माती दिसली. जमिनीखालचं पाणी उतारावरून खाली वाहत येतं, ते या भिंतीला येऊन अडतं आणि वरच्या अंगाला साचतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नानांची विहीर उन्हाळ्यातही तग धरून राहायची. तुझी विहीर, त्याच भिंतीला खालून चिकटलेली, पावसाळ्यात भरायची आणि दिवाळीनंतर तळ दाखवायची. तुझ्या वाट्याला साऱ्या शिवारातली सर्वांत सुंदर माती आणि तिच्यावर ओतायला काही नाही.

तू सुरतेला जायचं ठरवलं होतंस एकदा. गावची निम्मी पोरं तिकडे आहेतच. पिशवी भरली होतीस. मग शेतात जाऊन आलास आणि पिशवी रिकामी केलीस. मला म्हणालास, "जमीन खराब ऱ्हाती ना, तर कवय निंघी जातू." खराब असती तर कधीच निघून गेलो असतो. मला तेव्हा ते वाक्य साधं वाटलं. आता जळगावच्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून तेच वाक्य आठवतं आणि वाटतं, चांगल्या मातीने माणूस असा धरून ठेवावा, इतका, की त्याला हलताच येऊ नये!

मला मात्र तू हलवलंस. दहावीनंतर नाना म्हणाले, पोरगी शिंदखेड्याला जाईल तेवढं पुरे. धुळ्याच्या कॉलेजचं नाव काढलं तर जेवणाचं ताट सरकवायचे. तू काही भांडला नाहीस. सोमवारी सकाळी फटफटी घेऊन दारात उभा राहिलास आणि हॉर्न वाजवत राहिलास, वाजवत राहिलास, गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर आली तरी वाजवत राहिलास. शेवटी नानाच ओरडले, "जाय वं माय, नहीतर हाऊ गाव उठाडी!" एवढ्यावर माझं शिक्षण सुरू झालं. आपल्या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर मी. ते मी कुठेही छाती पुढे काढून सांगते, आणि सांगताना तो हॉर्न मला ऐकू येतो. शनिवारी तू न्यायला यायचास, माझी दगडांनी भरलेली पिशवी उचलायचास आणि म्हणायचास, "काय वं दगडाबाई, आपला वावरमा कमी व्हतात का?"

विहिरीचं मी तुला पहिल्यांदा सांगितलं ते दुसऱ्या वर्षाला असताना. आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, घरी आले होते. तू आणखी खोल खणायचं म्हणत होतास. पाणाड्या बोलावला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून तुझ्या वावरात फिरला, आणि विहिरीच्या जवळच नारळ त्याच्या हातावर उभा राहिला. खाली पाणी आहे, म्हणाला. मी म्हणाले, नाही. भिंतीच्या या अंगाला तू पाताळात गेलास तरी थोडंच लागेल. तू माझ्याकडे बघितलंस, नारळाकडे बघितलंस.

"नारय हा म्हनस. तू ना म्हनस," तू म्हणालास. "माले हा म्हननारा पाहिजे."

खोल गेलास. खडकच लागला.  पण त्यानंतर तू मला विचारायला लागलास, आणि काय काय विचारायचास! नांगराला लागून वर येणारे पांढरे खडे घेऊन आलास एकदा. चुनखडीचे. त्यांच्यावर तुझा राग, फाळ बोथट करतात म्हणून. मी सांगितलं की हे हवेतून आलेत. तू हसलास. मग मी बसून नीट सांगितलं. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायॉक्साईड थोडासा सोबत आणतो, मातीतल्या मुळांचा श्वास त्यात मिसळतो, पाणी किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी काळा दगड कुरतडत बसतं. दगडातलं चुन्याचं अंग सुटतं आणि मातीत खाली जाऊन कार्बनला धरून पुन्हा गोठतं, पांढरा खडा होऊन. हवेत मोकळा फिरणारा कार्बन त्या खड्यात कोंडला जातो. माणसाच्या, बैलाच्या नाकातून निघालेला श्वाससुद्धा.

"म्हंजे ह्यामा मना श्वास शे?"

"असेल थोडा. आपल्या पणजोबांचा जास्त."

तू खडा कानाला लावलास. मग म्हणालास, "मंग किती दिन कोंडेल ऱ्हास तो?"

मी सांगितलं, हजारो वर्षं. काही खडे विरघळतात, नाल्यातून पांझरेत जातात, पांझरेतून तापीत, तापीतून समुद्रात. समुद्राच्या तळाशी पुन्हा दगड होतात. तो तळही एका जागी राहत नाही, सरकत सरकत पृथ्वीच्या पोटात जातो, तिथे वितळतो, आणि कधीतरी एखाद्या ज्वालामुखीतून कार्बन परत हवेत येतो. असा मोठा फेरा आहे. दगडाचा, पाण्याचा, हवेचा. कुणीच कायमचं अडकत नाही.

मी फुशारकीने सांगत होते. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले मार्क मिळाले होते. तू खडा हातात फिरवून बघितलास. मग म्हणालास, "सुटस म्हंजे."

"सुटतं."

"बठ्ठं सुटस?"

"सगळं. वेळ लागतो फक्त."

"वखत," तू म्हणालास, आणि खडा विहिरीत टाकलास. खाली कोरड्या खडकावर तो वाजला. "तोच नही ना वं आपलापा."

तोच आपल्यापाशी नाही.  त्या फेऱ्यात भूगोल-भूगर्भ शिकवणाऱ्या बाईला दिलासा मिळतो, मी वर्गात आजही तो रंगवून सांगते, पोरं वहीत गोल काढतात, बाण काढतात. पण त्या गोलातल्या एका बाणावर माणूस जन्मतो आणि त्याच बाणावर मरतो. पुढचं वळण त्याने कधी पाहिलेलं नसतं. तू भिंतीच्या खालच्या अंगाला जन्मलास. ती भिंत पाऊस खातोच आहे, कणाकणाने, एक दिवस ती राहणार नाही. हे तुला सांगून काय उपयोग होता?

मग आबा गेल्यावर तू आडव्या बोअरचं काढलंस. तुझ्या विहिरीत उतरून भिंतीच्या आरपार आडवं भोक पाडायचं, की वरच्या अंगाचं पाणी खाली येईल. मशीनवाल्याशी बोलूनही आला होतास. नाना म्हणाले, भिंत दोघांची, माझी संमती नाही. तू म्हणालास, पाणी कुणाचं? नाना म्हणाले, विहीर माझी, पाणी माझं. तू माझ्याकडे वळलास. भर अंगणात, वहिनी, नाना, सगळ्यांसमोर.

"तू शिकेल शे. सांग. पानी कोनं शे?"

मी खरं ते सांगितलं. पाणी कुणाचंच नाही, ते उतारावरून चाललेलं होतं, भिंतीने अडवलं. पण भोक पाडलं तर ते तळापर्यंत उतरेल, नानांची विहीरही जाईल आणि तुझ्याकडे आलेलं पुढे निघून जाईल. दोघंही कोरडे व्हाल. नळी टाकून कॉक बसवला तर जमेल.

"आनि कॉकनी चावी कोनापा?" तू विचारलंस.

"माझ्याकडे," नाना म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या."

चावी कुणाकडे, यावर तुम्ही दोघं पुढची कितीतरी वर्षं भांडलात. लग्नात, बारशात, पोळ्याला. मी दर आखाजीला माहेरी यायचे आणि दोन अंगणांच्या मध्ये अडकायचे. सकाळी नानांकडे जेवायचं, संध्याकाळी तुझ्याकडे. तुझ्याकडच्या भाकरीला जरा जास्त खायचं, नाहीतर वहिनी म्हणणार, वरच्या अंगाची शेना, पोट भरेलच ऱ्हास. वाटणीत माझं नाव नाही, सातबाऱ्यावर माझं नाव नाही, पण भांडणात दोघांनाही साक्षीदार म्हणून मीच हवी. तू मेल्यावर पहिला विचार माझ्या मनात कुठला आला, सांगू? आता चावीचं कोण भांडणार. आणि मग इतकी रडले की शेजारणी घाबरल्या.

तुला तापीकाठी नेलं. धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. मी दूर बायकांमध्ये उभी होते आणि माझं डोकं, शिकलेलं डोकं, त्याही वेळी चालूच होतं. हा कार्बन चालला, हा मोकळा झाला. आता पावसात येईल, दगड कुरतडेल. मी स्वतःला म्हटलं, गप्प बस. मला तुझा फेरा नको होता. मला तू हवा होतास, टोपी झटकणारा.

आता आखाजीचं ऐक. तुझी पहिली घागर होती. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी आपल्याकडे मातीची नवी घागर भरायची, गव्हाच्या राशीवर ठेवायची, वर आंबे आणि खरबूज, समोर सांजोऱ्यांचं पान. पुढच्या जगात माणूस तहानेला राहू नये म्हणून. आणि पाणी घरच्या विहिरीचं. वहिनी सकाळी सकाळी तुझ्या विहिरीत उतरली. तळाशी घोट्याएवढं होतं, वाटीवाटीने भरलं तिने. बाहेर आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली होती.

अंगणात बघते तर नाना उभे. पहिल्यांदा, तुझ्या दहाव्यानंतर पहिल्यांदा. या वयात खांद्यावर पाण्याचा हंडा घेऊन भिंत ओलांडून आलेले. धापा टाकत होते. हंडा उंबऱ्याजवळ ठेवला.

"घागरसाठे," एवढंच म्हणाले.

वहिनी हातातलं भांडं सांभाळत उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"नाना, हाई पानी परत लई जा."

"सूनबाई, मरेल मानूससंगे वैर नही ऱ्हास."

"मंग जित्तासंगे व्हतं का?"

अंगणात आलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नाना कडुनिंबाखालच्या खाटेवर जाऊन बसले, हंडा तसाच उंबऱ्यापाशी. गेलेही नाहीत. हट्टी माणसं आपण सगळी, भाऊ, वरच्या अंगाची काय आणि खालच्या अंगाची काय.

वहिनीने तुझ्या विहिरीचं गढूळ पाणी फडक्याने गाळून घागरीत ओतलं. घागर काठोकाठ भरली. खरबूज ठेवायला मी वाकले तेव्हा पायाला ओल लागली. घागरीच्या कुशीत बारीक छिद्र होतं. बाजारातून आणताना कुणी बघितलं नाही. पाणी धारेने गव्हात चाललं होतं. बायका हळहळल्या. कुणी म्हणालं पीठ लावा, कुणी म्हणालं मेण लावा. वहिनी खालीच बसली. "त्यास्ले अर्धंच लिखेल व्हतं वाटस," म्हणाली, आणि तुझ्या जाण्यानंतर मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

मी छिद्रावर बोट ठेवायला गेले, तर धार आपोआप बारीक झाली होती. मग थेंब. मग थांबली. मी आत बघितलं. छिद्राच्या वरचं पाणी गेलं होतं. खालचं जागच्या जागी होतं.

मी तशीच बसून राहिले, भाऊ. लोकांना वाटलं मलाही रडू फुटलंय. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. कॉक कशाला हवा? चावी कशाला हवी? आडवं बोअर तळाशी मारलं तर विहीर रिकामी होईल. ते मध्यावर मारलं तर वरच्या अंगाला पाणी मध्याच्या वर असेल तेवढंच तुझ्याकडे येईल. खाली उतरलं की आपोआप बंद. नानांचं खालचं अर्धं शाबूत, वरचं अर्धं तुझं. कुणी उघडायचं नाही, कुणी बंद करायचं नाही. इतकी वर्षं आपण चावीवर भांडलो, आणि उंचीचा विचार मी, तू, नाना, तिघांपैकी कुणालाही सुचला नाही. तुला भांडायचं होतं, त्यांना नाही म्हणायचं होतं, मला बरोबर ठरायचं होतं. सुचणार कसं?

मी दोघांना तिथेच सांगितलं. घागरीकडे बोट दाखवून सांगितलं. वहिनी डोळे पुसत ऐकत होती. नाना खाटेवरून उठले नाहीत, पण ऐकलं सगळं.

"आनि पाऊस नही उना तर?" नानांनी विचारलं.

"तर दोघांनाही नाही. भोकाशिवायही नसतंच की मग."

"तुले शिकाडं ते मन्हीच विहीरले भोक पाडाले का?"

मीही त्यांचीच मुलगी. म्हणाले, "हो. आणि मला शिकवलं ते तुम्ही नाही, हॉर्नने."

नाना ताडकन उठले आणि निघून गेले. हंडा विसरले, की ठेवून गेले, देव जाणे. घागर पूजली, अर्धीच. पान वाढलं. कावळा लवकर आला, पण सांजोरी सोडून आंब्याच्या सालीकडे गेला. तुला गोड कमी आवडायचं, हे त्याला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, तू खूण करी दे. बाकी मी पाही लिसू." भिंत दोघांची, संमतीशिवाय मशीन कसं लावणार, मी म्हटलं. तिने गेरू कालवून वाटी माझ्या हातात दिली. वरच्या विहिरीत पाणी किती उंचीवर आहे ते खालच्या विहिरीत आणायचं तर पातळी धरावी लागते; दोन्ही काठांवर ती धरायची, तिथून दोरीने खाली मोजायचं आणि मध्य अंदाजाने. गवंड्याकडून मी लांब पारदर्शक पाईप मागून आणला, पाणी भरलं, आणि दुसरं टोक धरायला माणूस हवा म्हणून भिंतीवर चढून हाका मारायला लागले. नाना त्यांच्या विहिरीवरच बसलेले होते. आले. पाईपाचं टोक हातात घेतलं.

"धरस मी," म्हणाले. "पन आखो हा म्हनेल नही." अजून होकार दिलेला नाही.

पाईप भिंतीवरून गेला. एका टोकाला नाना, एका टोकाला मी, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येऊन थांबलं. भिंतीच्या दोन अंगांना, आपल्या घराण्यात, बहुतेक पहिल्यांदाच. नाना पाईपाकडे बघत राहिले. मग भिंत ओलांडून या अंगाला आले, तुझ्या विहिरीच्या कडेला उभे राहिले. उन्हाने चेहरा लाल झाला होता. वहिनीने कालच्या त्याच हंड्यातून पेला भरून त्यांच्यापुढे धरला.

"प्या. तुमनंच शे."

नानांनी घेतला. प्यायले. पेला परत देताना नजर वर केली नाही.

मी लोखंडी कड्यांवरून विहिरीत उतरले. इतक्या वर्षांत कधी उतरले नव्हते, वरूनच शहाणपण सांगत होते. खाली गार होतं, आणि अंधारही असा नाही, पण सगळीकडे दगड. वर पाहिलं तर थाळीएवढं आभाळ. तू इथे किती वेळा उभा राहिला असशील, सुरुंगाची भोकं घेताना, गाळ काढताना, की नुसताच. भिंतीला तळवा लावला. गार, गुळगुळीत, घाम आल्यासारखी ओलसर. पलीकडे पाणी होतं, हातभर दगडाच्या पलीकडे, आणि आवाज काहीच नव्हता.  मला वाटलं, मशीन येईलही, भोक पडेलही, आणि कदाचित खडकात वाटच सापडणार नाही, पाणी येणारच नाही. आलं तरी कुणासाठी? मी त्या कडीला धरून रडले. मग नाक पुसलं आणि बोट गेरूत बुडवलं.

हात उंचीवर नेला तसा वरून नानांचा आवाज आला.

"वर ले! हातभर वर ले!"

मी थांबले. नाना घासाघीस करत होते, भाऊ. नाही म्हणणारा माणूस घासाघीस करत नाही.

"खाले ले वं ताई!" दुसऱ्या कडेवरून वहिनी ओरडली. "त्यास्ना शब्द नको धरू, खाले ले!"

"वर!"

"खाले!"

विहिरीत दोघांचे आवाज एकमेकांवर आपटत होते. मी मान वर करून तिसऱ्या आवाजाची वाट बघितली. थोडा वेळ खरंच बघितली. मग माझ्या अंदाजाने जिथे वाटलं तिथे भिंतीवर गेरूचा आडवा पट्टा ओढला.

"चुकनं!" नाना ओरडले.

"चुकनं!" वहिनी ओरडली, त्याच क्षणी.

तेव्हा मला खात्री पटली, भाऊ, की खूण बरोबर जागी पडली आहे.